क्रुसापुढे फोडलेला नारळ

प्रिय शालिकराम,

फोन तू उचलत नाहीस. का उचलत नाहीस ते मला माहीत आहे, म्हणून राग नाही. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुलाही माहीत आहे. तेव्हा भिलाईला पुतण्याच्या घरी पंख्याखाली बस आणि हे सगळं वाच. मध्ये उठायचं नाही. बातमी अशी, की तुझी सुशिला येशूची आई झाली. हसलास ना? हस, हस. आरशात बघून मीही हसले. जिने उभी हयात झाडीपट्टीच्या स्टेजवर सुनांना छळलं, दिराला दुधातून विष दिलं, जिला सडक अर्जुनीच्या बाजारात भाजीवालीने 'तुले सांबार नाई देत, सुनेले उपाशी ठेवतेस' म्हणून कोथिंबिरीच्या जुडीविना परत पाठवलं, ती मरिया!

आपल्या कंपनीचा मालक रामलाल, त्याची लेक डिंपल आठवते ना, तालमीच्या वेळी विंगेत कपड्यांच्या पेटीवर झोपायची ती? आता देवरीत लग्नांचं शूटिंग करते. तिच्या डोक्यात आलं, की येशूला क्रुसावर दिलं त्याचा सिनेमा काढायचा, तोही आपल्या बोलीत. मी म्हटलं, बाई, आपल्याकडची चर्चची सगळी माणसं दोन ट्रॅक्टरांत मावतील, बघणार कोण? तर म्हणते, 'मावशी, मायलेकाची गोष्ट आहे. झाडीत मायलेकाची गोष्ट कोण नाई पाहत?' येशू झाला आपला अश्विन, यंदाच्या हंगामातला हिरो. त्याची आई रुक्माबाई चिडली. 'आपन देव मानत नाई, अन् तू देव बनून राहिला?' अश्विन म्हणाला, 'देव नाई माय, मानूसच बनून राहिलो. खिळे मानसालेच ठोकतेत.' त्यावर रुक्माबाई त्याच्यासाठी रोज डबा पाठवू लागली.

आणि मरिया मी. शालिकराम, आईच्या भूमिकेसाठी मी रामलालच्या किती मागे लागायचे ते तू पाहिलंयस. दर वेळी तो म्हणायचा, 'सुशिलाबाई, तुमच्या डोळ्यात जहर आहे, ते वाया कायले घालवता?' मग मी पुन्हा सासू. घरी मूल नाही, स्टेजवरही नाही. त्यामुळे डिंपलने विचारलं तेव्हा हो म्हणायच्या आधीच मी डोक्यावर पदर घेतला होता. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही.

पण आपली माणसं ती आपलीच. डिंपलने लीलाधर मिस्त्रीला प्लायचा हलका क्रूस सांगितला होता. मिस्त्री म्हणाला, देवाच्या नावाने पोकळ वस्तू माझ्या हातून व्हायची नाही. त्याने ऐनाच्या लाकडाचा ठोस क्रूस करून दिला. उचलायला चार माणसं लागली. तो टेकडीवर उभा राहिला आणि आम्ही मुहूर्ताला जमलो. आता कंपनीची रीत तुला सांगायला नको. नवा पडदा आला की नारळ, नवा जनरेटर आला की नारळ, रावणाचं सिंहासन आलं तरी नारळ. कुणाच्या मनात दुसरा विचारच आला नाही. क्रुसाला हळदकुंकू लावलं, बुंध्याशी अगरबत्ती खोचली आणि मी नारळ फोडला. अश्विन तुझ्यासारखाच, फोडताना सगळ्यांच्या मागे, खोबरं वाटताना सगळ्यांच्या पुढे. डिंपलने हौसेने फोटो काढला आणि स्टेटसला टाकला.

बस, पेटलं. एका नारळात दोन धर्म दुखावले. खताच्या दुकानवाला भुपेंद्र आपली पोरं घेऊन आला. 'हिंदूचा नारळ येशूच्या खांबापुढं काऊन फोडला? हे धरम बदलवाचं काम आहे.' तिकडून चर्चची मंडळी आली, प्रभूच्या क्रुसाला कुंकू म्हणजे मूर्तिपूजा, माफी मागा म्हणून. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. डिंपलने फोटो काढून टाकला, हात जोडले, सगळ्यांपुढे चूक कबूल केली. मिटलं असतं. पण बोट माझ्याकडे वळलं. चर्चचे म्हणाले, स्टेजवर लावणी नाचलेली बाई प्रभूची माता म्हणून चालायची नाही. भुपेंद्र म्हणाला, आमची बाई त्यांची माता म्हणून चालायची नाही. त्या दोघांचं जन्मात कधी एकमत झालं नव्हतं, ते माझ्यावर झालं. डिंपल खाली बघत म्हणाली, 'मावशी, थोडे दिवस थांबू.' थांबू म्हणजे काय ते मला कळतं. रामलालही तसंच म्हणायचा. घरी आले, भाकर टाकली, ती तव्यावरच जळाली. मला फार वाईट वाटलं. तू असतास तर निदान एक शिवी तरी दिली असतीस.

माझं थांबलं, पण अश्विनचे क्रुसावरचे थोडे प्रसंग तेवढे घ्यायचे होते, त्यात माझं काम नव्हतं. तरी मी गेले. नऊवारी नेसून, पदर घेऊन, एका बाजूला दगडावर बसले. म्हटलं, पोराला तेवढं बघू. टेकडीवर मोहफुलांचा वास नुसता भरून राहिला होता आणि ऊन मी म्हणत होतं. अश्विनला वर चढवून हात दोरीने बांधले होते, पायाखाली एवढीशी फळी. तेवढ्यात खालून दोन्ही पार्ट्या आल्या. एकीकडून भुपेंद्रची, दुसरीकडून चर्चची. 'बंद करा! बंद करा!' लीलाधर मिस्त्री शिडीपाशी होता. घोषणा ऐकल्या आणि तो पळाला. पळाला तर पळाला, शिडी खांद्यावर घेऊन पळाला! येशू वर आणि शिडी मोहाच्या झाडांत. अश्विन ओरडतोय, 'काका, शिडी! अरे शिडी!' पण त्या गोंगाटात कोण ऐकतो. मग कुणीतरी ढेकूळ फेकलं. अश्विनच्या खांद्यावर बसलं आणि फुटलं.

त्यापुढे मी काय केलं ते माझं मलाही नीट सांगता येत नाही. मी क्रुसापुढे जाऊन उभी राहिले आणि ओरडले. तुला माझा आवाज माहीत आहे, माइक नसताना शेवटच्या ताडपत्रीपर्यंत जायचा तो. 'पोरगं उन्हात टांगून आहे, अन् तुमी नारळाचं भांडून राहिले? माह्या लेकराले कायले मारता रे? त्यानं तुमचं का बिघडवलन? मारायचं त मले मारा!' शालिकराम, मी रडत होते. ग्लिसरीन नाही, काही नाही. पहिली पुढे आली चर्चच्या पास्टरसाहेबांची बायको, पास्टरबाई, पाण्याची बाटली घेऊन. आणि शिडी आणायला कोण धावलं सांग? भुपेंद्र. मिस्त्रीच्या मागे अर्धं जंगल धावला.

आणि आपली डिंपल! गाव पेटलं तरी चालेल, कॅमेरा बंद करणार नाही. सगळं आलं होतं. तिने दोन्ही पार्ट्यांना पुन्हा हॉलमध्ये बोलावलं, पडदा लावला आणि म्हणाली, आधी बघा. तुमची मर्जी असेल तर ठेवते, नाही तर तुमच्यादेखत पुसून टाकते. सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितलं. मग पास्टरबाई उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, 'आता दुसरी मरिया शोधाची गरज नाई.' पास्टरसाहेबांनी चष्मा पुसला. भुपेंद्र पडद्याकडे बघतच होता, जिथे तो मुठी आवळून ओरडत होता. 'मी असा दिसतो?' असं हळूच म्हणाला. मला त्याची दया आली. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण लगेच म्हणतो, 'ताई, माहा चेहरा अर्धाच आला. अजून एकडाव घ्या ना.' हॉल हसून हसून लोळला. अरे, ही झाडी आहे. इथे देवाला नाही म्हणणारा भेटेल, नाटकाला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

मग काय मज्जा! भुपेंद्रची पोरं रोमन शिपाई झाली, आपल्या पेटीतले रावणाच्या दरबारचे अंगरखे घालून. चर्चच्या बायकांनी गाणी म्हटली. रुक्माबाईने सगळ्यांना पुरेल एवढी भाजी केली आणि खिळे ठोकणारे, खिळे खाणारे एका पंगतीत जेवले. पास्टरबाईने मला स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी आणून दिली. मी म्हटलं, रंगाचं रक्त लागेल हो तिला. म्हणाली, लागू दे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत सिनेमा दाखवायचं ठरलंय, आणि त्याआधी चर्चमध्ये. मुहूर्ताचा नारळ मात्र यापुढे फक्त जनरेटरपुढे फुटणार, असा दोन्ही पार्ट्यांचा ठराव झाला.

आता माझं खरं काम. एकच प्रसंग राहिलाय. क्रूस वाहताना येशू पडतो, त्याला तो ओढवत नाही. तेव्हा शेतावरून घरी येणारा एक वाटसरू असतो, शिमोन नावाचा. शिपाई त्याला धरतात आणि क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. पास्टरबाईने मला तो भाग वाचून दाखवला, मी पुन्हा वाचायला लावला. शालिकराम, त्या माणसाला एकही संवाद नाही. एक शब्द नाही. तो येतो, ओझं घेतो आणि चालतो, बस. भुपेंद्र ती भूमिका रोज मागतो आणि मी रोज नाही म्हणते. डिंपलला सांगून ठेवलंय, की माणूस येतोय. गळ्याच्या ऑपरेशननंतर तू भिलाईला निघालास, तेव्हा कोहमाऱ्याच्या धाब्यावर गळ्याला हात लावून 'संपलं' अशी खूण केली होतीस. मी चहा पीत राहिले. आज सांगते, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तिसऱ्या अंकात तू मला उचलून विंगेत न्यायचास, आणि मी काही फुलासारखी नव्हते, पण तू कधी अडखळला नाहीस. लीलाधरने क्रूस ठोस करून ठेवलाय तो बहुतेक तुझ्यासाठीच. भिलाईहून नागपूरची बस धर, देवरीला उतर. मी स्टँडवर असेन. आल्यावर तू काही बोलायचं नाहीस, बोलायला मी आहे. शूटिंग झालं की लगेच परत जायलाच पाहिजे असंही नाही, माझ्या घरी दुसरी खाट आहे. आवाज गेला तर गेला. खांदे तर जागेवर आहेत ना?

तुझीच,
सुशिला