ह्यांच्या कवितेतली ती

मंगळ., २ डिसें.
उद्या बारावीला अपठित कवितेचं रसग्रहण. गाईडातल्या सगळ्या कविता पोरांना पाठ. ह्यांचीच देते, नाव झाकून. एक बाई कविता वाचतेय आणि कवी तिला बघतोय, एवढीच कविता. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला आणून दिलेली, मासिकात छापून आलेली. विचारलं, वर्गात घेऊ का? ''घे की. एवढी काही थोर नाही,'' म्हणाले. पण खुशीत होते. चहा स्वतः केला!

बुध., ३
फळ्यावर नेहमीचंच. आशय, भाव, अलंकार. 'अक्षरं दबकत पुढे येतात' : चेतनगुणोक्ती. 'ओळीखालून बोट सरकतं, काठाकाठाने होडी जावी तसं' : उपमा. पोरांनी बरोब्बर सांगितलं. मध्यवर्ती कल्पना मी लिहून दिली, पत्नीवरचं प्रेम. तर अर्नाळ्याची मानसी उठली. ''मॅडम, ही बाई नुसती वाचत नाय, वाचायला शिकतेय. अडखळते, हसते, परत मागे जाते. मी आईला शिकवलं ना, तीपन अशीच वाचायची.''
''परीक्षेत असलं लिहू नकोस, गुण जातील. बस खाली.''
चिडले कशाला मी? पोरीचा चेहरा एवढासा झाला.

गुरु., ४
मानसीचं बरोबर आहे.
ह्यांची माझी ओळख झाली तेव्हा मी एम.ए. करून शिकवत होते. ओळीखाली बोट ठेवून मी कधी वाचलंय? मैत्रिणींत मिरवलं, 'माझ्यावरची कविता'. मराठीच्या बाईला समोरचं दिसू नये, कमाल आहे! हसू येतंय आणि रडूही. लग्नाआधी हे जूचंद्रला साक्षरता वर्ग घ्यायचे. तिथे कोण यायचं, कधी बोलणंच नाही झालं. 'तुझ्यासाठी आणलीय' म्हणाले होते. तुझ्यावर आहे असं कुठे म्हणाले?

शनि., ६
डोकं ठणकतंय. भाजीत दोनदा मीठ. हे मुकाट जेवले. तेही खटकलं. असेल कुणी, लग्नाआधीची गोष्ट. मग इतकं का लागावं? अख्ख्या संसारात फक्त माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट, आणि तीही...

रवि., ७
सकाळी सांडोरची राजेळी केळी घेऊन आले. शिकरणासाठी सोलत बसले. ''आवडली का गं पोरांना?''
''ती कोण आहे हो?'' एकदम तोंडातून बाहेरच पडलं.
हात थांबला. 'तूच की' म्हणतील, वाटलं. म्हटलं असतं तर मानलंही असतं मी, देवाशपथ. तसं नाही म्हणाले. ''इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंस.'' मग हळूच, ''सांगू?''
मी म्हटलं, आधी जेवून घ्या.
जेवणं झाली. भांडी झाली. हे बाहेर पेपर उघडून बसलेत, पान काही उलटत नाहीयेत. मी आत दार लोटून हे लिहितेय. मी हाक मारली की सांगतील.