पाटावरची स्टेनगन

दादा, तुमच्या नातवानं बंदूक घेतली. साधी नव्हे, घोडा दाबून धरला की आपोआप गोळ्या सोडत राहणारी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले ती ही बातमी घेऊन, याची मला लाज वाटते. पण दुसऱ्या कुणाला सांगू? इथे निरगुडसरला शेजारच्या भाऊंच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "बाई, पोराला म्हणावं एक हिकडं बी धाडून दे. बिबट्यापायी उसाला पाणी द्यायला जायची चोरी झालीया." मीही हसले. हसण्यावारी नेलं की तेवढा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा आहेच.

तुम्ही गेलात तेव्हा तो आठवीत होता. आता अमेरिकेत असतो, बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. तिकडे म्हणे लोक जुनी नाणी जमवावीत तशा जुन्या बंदुका जमवतात. त्याच्या भागात हे कायद्यात बसतं. ठरावीक सालाच्या आधीच्या आणि नोंद असलेल्याच घेता येतात, बोटांचे ठसे द्यावे लागतात, मंजुरीसाठी कित्येक महिने थांबावं लागतं. हे सगळं त्यानं मला फार शांतपणे समजावलं. मी भागाकार शिकवतानासुद्धा कधी इतकी शांत नव्हते. एका रविवारी त्यानं तीन फोटो पाठवले आणि लगेच फोन लावला. "आई, पहिलीच घेतोय, चुकायला नको. तू सांग कुठली घेऊ." मी जिल्हा परिषदेची निवृत्त मास्तरीण, मला विचारतोय बंदूक कुठली घेऊ! पहिली सिनेमातल्या गुंडांच्या हातात असते तशी, गोल डब्याची. दुसरी दोन पायांवर उभी राहणारी. तिसरी म्हणजे नळाच्या तुकड्याला पत्रा जोडल्यासारखी दिसणारी, ओबडधोबड. तिला स्टेनगन म्हणतात एवढं मला ठाऊक होतं, कारण तुमचा तो एकुलता एक फोटो. फौजेच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही बाकावर बसला आहात, मांडीवर तीच, हातात फडकं. "जाणकार म्हणतात, सुटे भाग मिळतील अशी घे," तो सांगत होता, "पण मला आजोबांनी हाताळलेली हवीय. त्यांनी कुठली जास्त दुरुस्त केली असेल गं?"

आदल्या दिवशी सूनबाईंचा फोन येऊन गेला होता. "आई, तुमचंच ऐकेल तो. तिजोरीत ठेवीन म्हणतो, पण घरात पोर आहे. मला नको वाटतं." मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी बघते. एकतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प केलेली बाई मी, स्वतःच्या पोराचं काय एवढं!

म्हणून मी त्याला ती गोष्ट सांगितली, दादा. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात ती.

ती दिवाळी आठवते का तुम्हाला? आम्ही तुमच्याकडे निमगाव साव्याला आलो होतो, तो सहा वर्षांचा होता. नवं टिकल्यांचं पिस्तूल घेऊन ओट्यावर आला आणि तुमच्या छातीवर रोखून "ठो" म्हणाला. तुम्ही ते हिसकावून घेतलंत. तो भोकाड पसरून रडला आणि मी तुमच्यावर खेकसले, "खेळणं आहे ते दादा, सणासुदीचं पोराला कशाला रडवता?" तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. आई फराळ द्यायला बाहेर गेली होती. मी तुमच्या मागं आले, तर तुम्ही चुलीजवळ बसून शेंगा सोलत होतात, माझ्याकडे न बघता. अजून तो आवाज येतो मला. "स्टेन दुरुस्तीला आली व्हती. मी इचारलं, रिकामी हाय का. घेऊन आलेलं पोरगं म्हनलं, हाय. म्या बघितलं न्हाई. त्यानं दस्ता फरशीवर टेकवला, आन् ती आपसूक सुटली. म्होरं माझा जोडीदार बसला व्हता, चहा पीत." शेंगा सोलणं थांबलं नाही. "तवापासून म्या इचारत न्हाई. बघतो. तुझ्या आईला सांगू नगं, आन् कुनालाच नगं." मग तुम्ही उठून बाहेर गेलात, त्याला मांडीवर घेतलंत आणि पिस्तूल उघडून आत एक डोळा लावून बघायला शिकवलंत. आधी बघायचं, मगच टिकल्या घालायच्या. ती सगळी दिवाळी तो घरभर ओरडत फिरला, "आजोबा, बघितलं!" आणि तुम्ही दरवेळी म्हणायचात, "शाब्बास." त्याला बंदुकीचं वेड लागलं असेल तर ते त्या चार दिवसांत लागलं. रागावू नका, पण मला असंच वाटतं.

फोनवर मी हे सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तिच्यानं माणूस गेला, तुझ्या आजोबांनी ते जन्मभर उरात ठेवलं, ती घेऊ नको. मला वाटलं, जिंकले. मग तो म्हणाला, आवाज जड झाला होता त्याचा, "आई, हे तू मला आधी कधीच का नाही सांगितलंस? आता तर हीच घ्यायची. दुसरी कुठली घेणार मी?" मी अरे अरे म्हणेपर्यंत त्यानं दुकानदाराला निरोपही धाडला. बंदुकीखाली एक छोटी पाटी लावणार आहे, तिच्यावर तुमची गोष्ट लिहिणार. कपाळावर हात मारून घेतला मी. तुमचा शब्द मोडला आणि ज्यासाठी मोडला तेही हातून गेलं. सूनबाईंना काय तोंड दाखवू ते कळेना, तर त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या आई, तुम्ही सांगून पाहिलंत." ते मला जास्त लागलं.

मंजुरी मिळून ती त्याच्या घरी आली ती नेमकी नवरात्रात. मला पहिल्यांदा खंडेनवमी आठवली. मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही रजेवर येणार होतात, आम्ही तुम्हाला आणायला आळेफाट्याला एसटीपर्यंत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पाटावर कोयता, खुरपं, आईची विळी आणि फ्लॅनेलच्या गुंडाळीतले तुमचे पाने न् स्क्रू-ड्रायव्हर मांडलेत. कुणीतरी विचारलं, फौजी माणूस तुम्ही, बंदुकीची नाही का पूजा? "ती पलटनीत असती," तुम्ही म्हणालात, "घरात नगं." मी मोठ्या हौसेनं कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक हत्याराला बोट लावत होते, तर तुम्ही ओरडलात, "अगं ए, वलं कुंकू लोखंडाला लावत्यात व्हय? गंज चढंल!" मी रडायला लागले. मग तुम्ही ट्रंकेतून एक छोटी पितळी तेलदाणी काढून माझ्या हातात दिलीत आणि दाखवलंत, पूजा झाली की कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग तेलाचा हात. "आता ह्ये तुझं काम." ती तेलदाणी अजून माझ्याकडे आहे. शिलाई मशीनचं तेल ठेवते तिच्यात.

तर यंदाच्या खंडेनवमीला संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळ होती. "आई, पूजा करायचीय, तू सांग कशी ते." पाट मांडलेला. त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वयंपाकाच्या सुऱ्या आणि मधोमध ती. फोटोत बघून वाटलं होतं त्यापेक्षा लहान. माझी नात परकर-पोलकं घालून झेंडूचं फूल घेऊन उभी. "आज्जी, ही पणजोबांची आहे?" मी म्हटलं, "त्यांच्यासारखी आहे." फूल वाहायला ती पाटाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि मला दिसलं की नळीचं तोंड तिच्या पोटाच्या बरोबर समोर आलंय. मी म्हटलं, "रिकामी आहे ना रे?"

"हो गं आई," तो हसून म्हणाला. बघितलं, असं नाही म्हणाला. सूनबाई मागं उभ्या होत्या. त्या बंदुकीकडे बघत नव्हत्या, मोबाइलमधून माझ्याकडे बघत होत्या. उघडून दाखव, एवढंच म्हणायचं होतं. कॅमेरा समोर होता, मला दिसलं असतं. पण तो त्या दिवाळीला दिसला होता तितका आनंदात होता, आणि माझ्या तोंडून निघालं ते हे, "कुंकू ओलं लावू नकोस हं. पूजा झाली की पुसून तेलाचा हात फिरव." तो म्हणाला, "आजोबा असंच सांगायचे ना?" मी म्हटलं, "हो." नातीनं फूल वाहिलं, हात जोडले, झालं. काहीही झालं नाही. त्यानंतर रोज फोन येतात, सगळं छान चाललंय.

हे पत्र कुठे टाकणार, वहीत राहील तेलदाणीखाली. तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि बघितलं नाहीत, तेव्हा पुढे काय होऊ शकतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, दादा. त्याचं तोंड उतरेल म्हणून मी बघितलं नाही.