भेगेवरची काच

बाबा, घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. गुरुवारी, तुम्ही जिथे पिक्चर चालवायचात त्या टॉकीजची मी पाहणी केली. इमारत राहील की पडेल हे ठरवायला मालकांनी इंजिनिअर म्हणून मलाच बोलावलं होतं.
२. प्रोजेक्टर मशीनच्या खोलीत, भिंतीतल्या भेगेवर तुम्ही आडवी चिकटवलेली काचेची पट्टी अखंड होती.
३. मी 'धोकादायक, पाडावी' असं लिहिलं. काचेचा उल्लेख केला नाही.

काच अखंड म्हणजे भेग वाढलेली नाही, हे मला कॉलेजात शिकवलं; तुम्हाला एका गवंड्याने. मी सातवीत होते. तुमचा डबा घेऊन आले आणि पट्टीला बोट लावलं, तर तुम्ही ओरडलात, "हात नको लावू! ती ड्युटीवर हाय." खाली शुक्रवारची गर्दी. कापडाचे लूम बंद, म्हणून सगळी गल्ली धुतलेले शर्ट घालून बाहेर पडलेली. कुणी स्टुडिओतल्या रंगवलेल्या ताजमहालासमोर गावी पाठवायचा फोटो काढतोय, कुणी फालुद्याच्या गाडीवर भांडतोय. तीन थिएटरं, तिन्ही फुल. लूमच्या खडखडाटाने अर्धे बहिरे झालेले कारागीर अंधारातून ओरडतात, "चाचा, आवाज बढ़ाओ! हीरो गूँगा है क्या?" आणि तुम्ही वाढवता. इतर दिवशी शिफ्ट उशिरा सुटली, तर त्यांची सुरुवात चुकू नये म्हणून जाहिराती दोनदा लावता.

मी मात्र शाळेतून येताना ती गल्ली टाळायचे. मुली म्हणायच्या, "पिक्चरवाल्याची पोरगी, शिट्टी मारून दाखव ना." मालकांनी माझ्यावर दबाव आणला नाही. ती गल्ली संपावी, असं मलाच वाटत होतं.

तुम्ही गेल्यापासून बाकीच्या दोन थिएटरांची गोदामं झाली आहेत. आपल्या टॉकीजच्या जिन्याखाली तुमचे जुने डोअरकीपर चहा विकतात, तिथेच राहतात. गुरुवारी त्यांनी विचारलं, "बिटिया, दीवार ठीक है ना? तू बोलेगी तो हम मान लेंगे." मी म्हणाले, "रिपोर्टमध्ये येईल." त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासाठी स्टूल पुसलं.

सोमवारी अकरा वाजता पालिकेत सुनावणी आहे. दुरुस्ती केली तर इमारत टिकेल, असं दुसरं पत्र मी लिहून ठेवलंय. सही केलेली नाही. केली, तर पहिलं तसं का लिहिलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

वर एक क्रमांक गाळला होता. ४. फोटो घेतल्यावर ती काच मी पटाशीने काढली आणि बॅगेत ठेवली. तुटली नाही. तुमच्या अक्षरातल्या तारखेसकट माझ्या टेबलावर आहे. हे पत्रही तिच्याखालीच राहील. तरी सही करू का, ते रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.