जूफा कुठे मिळतो

९ मार्च
मित्रीला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरचं खाणं आणि घरची माणसं. म्हणजे त्यांनी हात टेकले. घरची माणसं म्हणजे मी एकटी, त्याची बहीण.

११ मार्च
मी वही उशाखाली सारताना त्याने पाहिलं. "काय लिहितेस गं?"
"तुझ्या गोळ्यांच्या वेळा."
अगदीच खोटं नाही. पहिल्या पानावर वेळाच आहेत.

१४ मार्च
शेजारच्या घरात सकाळी झातरच्या रोट्या भाजत होते. वास खिडकीतून आत आला. मित्रीने तोंडावर पांघरूण ओढलं. "लाव ती खिडकी!"

लावली. एकतीस वर्षं लावतेच आहे. आमच्या डोंगरातल्या गावात सकाळी पाव, जैतुनाचं तेल आणि झातर, डोंगरावरचा तो वासाचा पाला, खाल्ला नाही असं घर शोधून सापडणार नाही. सापडलंच तर ते आमचं. आम्ही चक्का खातो, अंडी खातो, नाहीतर कोरडा पाव. नजला गेली त्या आठवड्यात मित्रीने झातरची बरणी उकिरड्यावर रिकामी केली. धाकटी बहीण झातर तोडायला गेली आणि परत आली नाही, म्हणून भावाने तो सोडला — गावाने एवढंच धरलं. बायका अजून हळहळतात, असा भाऊ मिळायला नशीब लागतं म्हणून. मीही कधी खोदून विचारलं नाही. नको होतं ते.

१७ मार्च
उपवासाचे दिवस. संध्याकाळी मी त्याला बायबलातलं स्तोत्र वाचून दाखवते. एकच, रोज तेच, दुसरं त्याला चालत नाही — जूफाने मला शुद्ध कर म्हणजे मी निर्मळ होईन. आज मधेच हात धरला.
"विदाद, जूफा कुठे मिळतो?"
"असेल तिकडे कुठे मिसरात. मला काय ठाऊक?"
"तू मास्तरीण ना? छत्तीस वर्षं पोरांना शिकवलंस."
"गणित शिकवलं."
हसला. पण हात सोडला नाही. म्हणाला, मरायच्या आधी मला जूफाने धुवायला हवं. चर्चमधल्या अबूनाच्या प्रार्थनेने भागत नाही, पुस्तकात नाव घेऊन सांगितलंय ना? मग तेच हवं.

कशासाठी, हे मी विचारलं नाही.

२० मार्च
नाब्लुसला जाऊन आले. जुन्या बाजारातला जडीबुटीवाला अत्तार — दुकानात दोनशे डबे, अंगात मस्ती तितकीच. "जूफा? खोकला कुणाला झालाय, बाई?"
म्हटलं, खोकला नाही. बायबलातला हवा.
"माझ्याकडे सीरियातला आहे. बायबलातला संपला."
काड्या, वाळकी निळी फुलं. पुडी घेऊन आले. पाण्यात उकळून भांडं त्याच्या नाकापाशी धरलं. त्याने तोंड फिरवलं. "हे औषध आहे. देव औषध कशाला मागेल?"
भांडं मोरीत ओतलं. एक दिवस गेला, आणि त्याच्याकडे आता दिवस कुठे उरलेत! पोट फुगलंय, डोळे हळदीसारखे.

२१ मार्च
झोप नाही. त्याला नाही, मला नाही.

२३ मार्च
अबूना रफाईल चर्चचा प्रसाद घेऊन आले. वय तिशीचं, बेत जालाच्या गुरुकुलातून नुकतेच आलेत, बोलताना अजून चष्मा वर सारतात. मित्रीने त्यांनाही तेच विचारलं. जूफा कुठे मिळतो?

अबूना आधी गोंधळले, मग हसू दाबत म्हणाले, "मामा, चेष्टा करताय का? मावशींच्या स्वयंपाकघरात बघा की. रोज सकाळी खाता तो. जूफा म्हणजे आपला झातर."

मी हातातली कॉफी खाली ठेवली. म्हटलं, "आम्ही खात नाही."

त्यांना काय कळणार! ते आपले रंगात येऊन सांगत राहिले. जुन्या भाषांतर करणाऱ्यांनी जूफा शब्द घातला, आणि आपली माणसं तेव्हापासून समजतात की ती कुठली तरी दूरदेशची वनस्पती. मिसरात दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं ते याच्याच जुडीने — पानांवर लव असते ना, ती ओलं धरून ठेवते. महारोगी बरा झाला की त्याच्यावर शिंपडायचं ते यानेच. प्रेताला शिवलेल्यालाही याच्याच पाण्याने मोकळं करायचं. आणि क्रुसावर तहान लागली तेव्हा आंबट द्राक्षारसाचा बोळा वर धरला तोही याच्यावरच. "लबानोनचा देवदारही होता देवाकडे. पण रोज हाताशी लागणार काय? भिंतीच्या फटीत उगवतं ते. गरिबाला विकत घ्यावं लागू नये म्हणून."

अबूना गेले. मित्री भिंतीकडे तोंड करून पडला, जेवलाही नाही.

एकतीस वर्षं जे घराबाहेर ठेवलं तेच मागत होता. मी बाजारात शोधत होते, आणि ते शेजारणीच्या तव्यावर होतं.

२४ मार्च
आज त्याने सांगितलं. लिहिते, जसं सांगितलं तसं.

त्या दिवशी आम्ही तिघं डोंगरावर होतो. हिवाळ्याचा पाऊस नुकता सरला होता, गवत कमरेएवढं. मित्रीने वरच्या खडकातल्या टाक्याच्या तोंडावरचा दगड सरकवून पाणी काढलं, झातरच्या जुड्या भिजवल्या. दुपारी मित्री आणि मी आपापल्या वाटेने खाली आलो. नजला म्हणाली, अजून एक पोतं भरते. लग्न होतं तिचं जूनमध्ये, सासरी द्यायला हवा होता. संध्याकाळी धुकं उतरलं. सकाळी सापडली — टाक्यात, पोत्यासकट.

"दगड मी परत ठेवला नाही, विदाद. आठवतच नाही ठेवल्याचं. किती वेळा डोक्यात तो दिवस पहिल्यापासून चालवून पाहिला. ठेवल्याचं आठवत नाही."

आणि गाव म्हणालं, टाकं उघडं ठेवलं ते शेळ्यावाल्या अबू नाईफने. त्याच्या शेळ्या तिथेच पाणी पीत. तो आमच्या दारात आला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, टाकं मी उघडं ठेवलं नाही. मित्रीने त्याच्या तोंडावर दार लावलं. वर्षात त्याने शेळ्या विकल्या, दगडाच्या खाणीत कामाला लागला. धुळीने छाती गेली त्याची. पन्नाशीही पाहिली नाही.

"मला ठाऊक होतं तो खरं बोलतोय," मित्री म्हणाला. "दार लावतानाच ठाऊक होतं."

तो रडला. मी त्याचं तोंड पुसलं.

२५ मार्च
"आण," म्हणाला. एवढंच.

२६ मार्च
डोंगरावर गेले. टाक्यापर्यंत नाही गेले, जाणं झालं नाही. पण खालच्या उतारावरचा झातर सगळा खुडून झालेला. गेली वीस वर्षं तिथून तोडून विकते ती एकच बाई, अबू नाईफची बायको. ती तिथेच बसली होती, मांडीवर जुड्या बांधत.

"मास्तरीणबाई! वाट चुकलात?"
म्हटलं, थोडा झातर हवा.
"तुमच्या घरात? सूर्य पश्चिमेला उगवला का आज?"
मित्रीचं सांगितलं. तिचे हात थांबले. तिने सगळ्यात ताजी जुडी उचलली, मुळांची माती झटकली आणि माझ्या ओच्यात टाकली. पैसे काढले तर हात मागे ढकलला. "मरणाऱ्याला विकू का? अल्ला त्याला सोपं जाऊ दे म्हणावं. आमच्याकडून काही राहिलं नाही."

आमच्याकडून काही राहिलं नाही. वाटभर ते मी मनात घोळवत होते. मी तिथे उभी होते, तोंड होतं मला. बोलता आलं असतं.

त्याच संध्याकाळी
वाडग्यात पाणी घेतलं. जुडी बुडवली. कपाळावर शिंपडलं, मग दोन्ही हातांवर. लव असते पानांना, अबूना म्हणाले तसं — पाणी धरून ठेवते, थेंब थेंब सोडते. खोली त्या वासाने भरली. मला वाटलं नजला आत आली. खरंच वाटलं.

"तू माफ केलंस ना?" म्हणाला.
"केलं."
"तिच्या वतीनेही?"
"तिच्याही."
एवढं हलकं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, भूक लागलीय. चार पानं चुरडली, तेलात घातली, पावाचा एक घास भरवला. डोळे मिटून चघळत राहिला. "अजून तसाच लागतो," म्हणाला.

२७ मार्च
पहाटे गेला. दाढेला झातरचं पान होतं.

२९ मार्च
पुरलं. घरभर बायका, बिनसाखरेची कॉफी. अबू नाईफची बायको, उम्म नाईफही आली, दाराशी बसली, सगळ्यांच्या आधी उठून गेली. अबूना म्हणाले, "मामा निर्मळ होऊन गेले, मावशी. तुमच्या हातून झालं."

२ एप्रिल
जुडी वाडग्यातच आहे. काळी पडायला लागली. टाकवत नाही.

३ एप्रिल
मित्रीने दगड परत ठेवला होता. दोन्ही हातांनी, छातीने रेटून. मी बघत होते. तो उतरून गेल्यावर मला तहान लागली, आणि मी तो दगड पुन्हा सरकवला.