केशवाचा उजवा हात

९ फेब्रुवारी १९२७
केशवाचा हात गेला! पिंपळाची फांदी कौलं फोडून थेट गाभाऱ्यात आली आणि देवाचा चक्राचा हात खांद्यापासून निखळला. खंडित मूर्ती पूजेत ठेवता येत नाही. रखमाजी पाटील म्हणाले, जुनी इंद्रायणीच्या डोहात सोडू, नवी घडवून आणू. माझी शाळा देवळातच भरते, तेव्हा पोरांना आपोआप सुट्टी.

१४ फेब्रुवारी
लोणावळ्याच्या हौशीराम पाथरवटाचा निरोप आला – जुनी मूर्ती गाडीत घालून पाठवा, समोर ठेवून घडवतो. मी मोडता घातला. मोडका देव गावोगाव मिरवायचा? हात कसे ते मी लिहून देतो की!

मग पाटलांना सगळं समजावलं. शंख, चक्र, गदा, पद्म – वस्तू चारच. पण कुठली कुठल्या हातात, त्यावर विष्णूचं नाव ठरतं. केशव, नारायण, माधव… चोवीसही रूपं एका दमात म्हणून दाखवली. पाटील बघतच राहिले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! लगेच देवासमोर बसकण मारली आणि दिसलं तसं लिहून काढलं. पोथी उघडून ताडून पाहायची गरजही वाटली नाही.

२० फेब्रुवारी
देव डोहात सोडला. पाटलांची चुलती मुक्ताबाई शेवटपर्यंत त्याच्या अंगावर हात फिरवत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण लग्न होऊन आल्यापासून देवाचं न्हाणं तिच्याकडे. न्हाणं झालं की त्याच्या कमळात तुळशीचा तुरा खोचायची. साठ वर्षं!

३ मे
मूर्ती आली. काय देखणं काम! उद्या प्राणप्रतिष्ठा.

संध्याकाळी एकटाच जाऊन पाहिली, अजून वस्त्र नेसवलेलं नव्हतं. उजव्या खालच्या हातात गदा. कमळ डावीकडे. माझा कागद आठवला. मी समोर बसून माझ्या उजवीकडचं ते 'उजवं' लिहिलं, हौशीरामाने मात्र देवाचं उजवं धरलं. त्याचंच बरोबर. हात देवाच्या बाजूने मोजायचे असतात, हे मीच लोकांना शिकवतो!

चारही हात उलटे झाले. हा केशव नव्हे. हा माधव.

४ मे
प्रतिष्ठा झाली. सगळ्या गावाचं जेवण झालं. मी बोललो नाही.

६ मे
आज ते झालं.

सकाळी न्हाणं घालताना मुक्ताबाईचा हात थांबला. पुन्हा चाचपलं. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यो आपला न्हाई. आपल्याच्या उजव्या हातात कमळ व्हतं. हितं दांडा हाय."

बायका कुजबुजू लागल्या. देव म्हणजे त्यांना तोंडवळा, बाकी सदा वस्त्राखाली. पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी सांगा."

मी म्हणालो, "आजींना भास होतोय. वय झालं."

एवढंच म्हणालो. तिने हात काढून घेतला. माझ्या दिशेने तोंड वळवलं आणि भिंतीला धरून निघून गेली.

१९ मे
देवाचं न्हाणं आता पाटलांच्या सुनेकडे गेलं. म्हातारी देवळात येतच नाही. काठी टेकत डोहावर जाते, तुळस पाण्यात सोडते. पोरं तिला 'डोहाची येडी' म्हणतात. शाळेत दोघांना छडी मारली. छडी कुणाला बसायला हवी होती ते मला ठाऊक आहे.

२ जून
आज सांगेन म्हटलं. पाटलांच्या ओसरीपर्यंत गेलो. त्यांनी चहा दिला, पिऊन आलो.

१७ जुलै
पावसात डोहावर गेलो. ती होतीच, गोणपाटाची खोळ घेऊन. तिला सगळं सांगितलं – कागद, माझी चूक, त्या दिवशीचा खोटेपणा.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "हाताला कळतंय. पर तवा का न्हाई बोलला?"

अब्रू, दुसरं काय! चोवीस नावांची अब्रू. मी पाय धरायला वाकलो तर मागे सरकली. गोकुळाष्टमीच्या सप्ताहाला सगळा गाव जमेल तेव्हा उभा राहून सांगतो, असा शब्द दिला.

"सांगा," म्हणाली. "म्या येडी न्हाई, एवढं सांगा."

तेव्हाच तिला हाताला धरून पाटलांकडे का नेलं नाही? पाऊस होता म्हणून. असलीच कारणं असतात माझी.

८ ऑगस्ट
मुक्ताबाई तापाने पडली आहे. भिजण्याचा ताप. सप्ताह पुढच्या आठवड्यात.

११ ऑगस्ट
गेली.

तिरडीपाशी एकजण म्हणाला, सुटली बिचारी, डोक्यावर परिणाम झालता. मी तिथेच उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. तिसऱ्यांदा!

२१ ऑगस्ट
काल काल्याच्या वेळी उभा राहिलो. सगळं बोललो. मुक्ताबाई खरी होती, मी खोटा होतो, गाभाऱ्यात आहे तो केशव नाही.

कोणी रागावलं नाही. पाटलांनी कोनाड्यातून माझाच कागद काढला, मूर्तीबरोबर हौशीरामाने परत पाठवलेला, आणि मलाच वाचायला लावला. 'उजव्या खालच्या हातात गदा.' पाटील म्हणाले, मग बरोबरच हाय की, तुमच्या हातचा कागद खोटा कसा व्हईल! मी डावं-उजवं समजावू लागलो. समोर, मागे, पाठमोरा उभा राहून दाखवलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

मग पाटलांनी हलकेच माझा दंड धरला. "चुलतीचंबी असंच सुरू झालतं," म्हणाले, आणि माधवापुढचा अंगारा माझ्या कपाळाला लावला.