अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

३ जानेवारी १९८८
नव्या वर्षाचा संकल्प. दोन दिवस उशिरा, पण पक्का. १११११११ ही मूळ संख्या आहे, हे मी स्वतः हाताने सिद्ध करणार. सात एकडे खांद्याला खांदा लावून उभे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कोण भागणार? १०५४ च्या आतल्या १७७ मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्. रोज दहा. अठरा दिवसांत काम फत्ते.

५ जानेवारी
३, ७, ११, १३. दरवेळी बाकी एक! हा नुसता योगायोग नाही. मालतीला दाखवलं. म्हणाली, सिलिंडर संपत आलाय, नंबर लावून या.

१४ जानेवारी
एकोणीस झाल्या. वेग कमी नाही, आठवीचे पेपर मध्ये आले.
हेडमास्तर खूश. नरोलीच्या शिक्षक संमेलनात २० फेब्रुवारीला माझं व्याख्यान, वीस मिनिटं. मेहुणीचं, सुनंदाचं, लग्न २१ ला, देवगडला. मालतीला समजावलं की लग्नं काय, होतच असतात. ती त्यानंतर बोलली नाही. शांततेत चार भागाकार जास्त झाले.

२९ जानेवारी
२३९ ने भागलं. बाकी १०. थोडक्यात बचावली.

६ फेब्रुवारी
विज्ञानाचे अनंत सर डोकमर्डीला घरी आले. हातात कॅल्क्युलेटर. म्हणाले, सदाशिवराव, तुमच्या संख्येबद्दल एक सांगायचं होतं. म्हटलं, या घरात यंत्राचं नाव काढायचं नाही. चहा न घेता गेले. पोटात दुखतंय, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी
अनंत सर परत, शाळेत. मी प्रयोगशाळेमागून सटकलो.

१७ फेब्रुवारी
मालती एकटीच गेली. वापी स्टेशनपर्यंत जाणार होतो, पण ७७३ चालू होती. अजून चाळीस बाकी.

१९ फेब्रुवारी
शेवटच्या बारा राहिल्या. करायची गरज नाही. इतक्या जणांना जमलं नाही, ते यांना काय जमणार?

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ७
व्याख्यान झालं.
सुरुवात उत्तम. मग मीच छाती पुढे काढून म्हणालो, कोणतीही मूळ संख्या सांगा, फळ्यावर भागून दाखवतो. मागून अनंत सर, अगदी हळू, म्हणाले, २३९.
हसलो. म्हटलं, बाकी दहा येणार. मांडलं. ४... ६... ४... शेवटी नऊ नव्वे एक्क्याऐंशी, हातचे आठ. आठ! घरी सात धरले होते. बाकी शून्य. ४६४९ ने पूर्ण भाग.
खडू हातातच राहिला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. आभार मानताना हेडमास्तर म्हणाले, एवढ्या मोठ्या संख्येला सरांनी बिनचूक भाग घालून दाखवला.
अनंत सर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. बाहेर म्हणाले, मी दोन आठवडे सांगायला बघतोय हो. मी म्हटलं, हो.

२१ फेब्रुवारी
सकाळी ११. आत्ता देवगडला अक्षता पडत असतील. वही उघडली नाही. मुळात सगळेच हातचे तपासायला हवेत. आज नको.

२४ फेब्रुवारी
मालती आली. लग्न छान झालं. निघताना सुनंदा रडत विचारत होती, भावोजी का नाही आले?

पिशवीतून लाडू काढता काढता मालतीने विचारलं, तुमच्या संख्येचं काय झालं?
म्हटलं, भाग गेला.
म्हणाली, चला, बरं झालं. सुटलात एकदाचे.