ओटीच्या पाकिटावर काळ्या रेघा न छापण्याबाबत

प्रति,
माननीय व्यवस्थापक साहेब,
श्री अंबाभवानी मराठा सहकारी भांडार,
यशवंतपूर, बंगळूर.

दिनांक : २२ सप्टेंबर १९९७

विषय : परत पाठवलेली ओटीची पाकिटे हिरव्या रेघांसह घटस्थापनेपूर्वी भांडारात मांडण्याबाबत.

संदर्भ : १) नव्या यंत्राबाबतचे आपले परिपत्रक. २) गौरीनंतर आपण शिपायाकरवी अर्जदाराच्या दारात टाकलेले पोते. त्यासोबत पत्र नव्हते.

महोदय,

१. अर्जदार तुंगाबाई नरसिंगराव मोहिते, राहणार कॉटनपेट, ही भांडाराची जुनी सभासद असून ओटीची पाकिटे करून भांडारास देते. पाकिटात खण, हळदकुंकू, तांदूळ, सुपारी आणि बांगड्या असतात. नारळ भांडार देते. गल्लीतल्या बाया तिच्या ओसरीवर बसून पाकिटे भरतात आणि नवरात्राच्या विक्रीवर त्यांच्या घरची दिवाळी होते.

२. भांडारात यंदा बिलाचे नवे यंत्र आले. पाकिटावरच्या बारीक-जाड रेघांवर त्याचा लाल उजेड पडला की ते वस्तू ओळखून टुंग करते. या रेघांना बारकोड म्हणतात, हे अर्जदारास आता पाठ झाले आहे. सभासदाने रेघांची चिठ्ठी घरी फुकटात केली तरी चालेल, फक्त यंत्राने ती वाचली पाहिजे, असे परिपत्रकात आपणच लिहिले. मुलगी रूपश्री जयनगरात कॉम्प्युटर शिकते; तिने क्लासातून रेघा काढून आणल्या. यजमानांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. तिथे कापून उरलेला कागद आणि डब्याच्या तळाची शाई पडूनच असते. चिठ्ठ्या फुकटात झाल्या आणि देखण्या झाल्या.

३. त्या लाल छापल्या. यात लपवण्यासारखे काही नाही. ओटीच्या सामानाला कोणी काळे लावते का? सवाष्णीच्या पदरात काळ्या रेघा घालणे अर्जदाराच्या सात पिढ्यांत कोणी केले नाही. संक्रांतीला काळे चालते हा मुद्दा आपण काढाल, म्हणून लिहून ठेवते की ही संक्रांत नव्हे. आता यंत्राला लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, त्याला चिठ्ठी कोरी वाटते. असे का, ते अर्जदारास कळत नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. चूक तिची झाली. पण काळे की लाल असे पुन्हा कोणी विचारले तर ती लालच म्हणेल.

४. गौरीच्या आदल्या दिवशी ऐन गर्दीत यंत्र गप्प बसले. त्यावर ‘अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा’ असे म्हणून आपण जे उपाय केले ते दप्तरी नोंदले जावेत. आपल्या कारकुनाने लाल रेघा काळ्या स्केचपेनने गिरवल्या. रेघा एकमेकींत मिसळल्या आणि यंत्राने ओटीच्या पाकिटाचे फिनेल म्हणून बिल केले. मग चिठ्ठी नारळावर चिकटवण्याचा हुकूम निघाला. नारळ गोल असतो. कारकून तो यंत्रापुढे फिरवत राहिला आणि रांग फाटकाबाहेर गेली. के. आर. पुरमहून आलेल्या एका वरमाईने काळे गिरवलेले पाकीट गल्ल्यावर आपटले आणि हे दिवसकार्याचे सामान कोणी दिले, असे सगळ्यांदेखत विचारले. आपण केबिनमधून बाहेर आला नाहीत. अर्जदार तिथेच उभी होती, तिने ऐकून घेतले. ते तिला फार लागले. गौरी झाल्यावर सारी पाकिटे पोत्यात कोंबून परत आली, कुंकू खणांवर सांडले होते.

५. नंतर एका दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावरच्या मेघाश्रीने रूपश्रीने निरनिराळ्या रंगांत छापून आणलेल्या चिठ्ठ्या एकेक करून यंत्रापुढे धरल्या. केशरी नापास, गुलाबी नापास. गडद हिरवी धरताच टुंग झाले. चुरगळून धरली, उलटी धरली, तरी झाले. हिरवा हा चुड्याचा रंग, त्याला कोणाची हरकत असणार? आपली निघाली. चिठ्ठी काळीच हवी आणि भांडाराने नेमलेल्या कॉम्प्युटर सेंटरातूनच विकत आणावी, असे आपण तोंडी फर्मावले. परिपत्रकात हे कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवावे. अर्जदार वाट पाहील.

६. सध्या पितृपंधरवडा असल्याने ओटी कोणी विचारत नाही, त्यामुळे विचार करण्यास आपणास सवड आहे. घटस्थापनेच्या आत पाकिटे मांडावीत. इतर बायांना चिठ्ठ्या छापून देऊ नयेत ही आपली ताकीद अर्जदार पाळणार नाही. लोणचेवाल्या जमनाबाईंना तिने हिरव्या चिठ्ठ्या दिल्या आहेत, त्याही फुकट, आणि पुढेही मागेल तिला देणार आहे. पाकिटे न मांडल्यास ओसरीवरच्या सगळ्या बाया भांडाराच्या फाटकासमोर चटया टाकून बसतील आणि तिथेच विकतील. ही विनंती नाही, आपणास आधी कळवले आहे इतकेच.

७. पंधरवडा लागण्याच्या आदल्या दिवशी एक बाई कॉटनपेटेत घर शोधत आल्या. नवरात्रात त्यांच्या सुनेचे डोहाळजेवण आहे. भांडारात आता दुसरीकडून आणलेली काळ्या रेघांची पाकिटे ठेवली आहेत, ती आमच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत, असे म्हणून त्या हिरव्या रेघांचे पाकीट घेऊन गेल्या. जाताना नाव विचारले तेव्हा कळले की त्या आपल्या सौभाग्यवती अनुसूयाबाई. पाकीट आपल्याच देवघरात आहे. अर्जावर शेरा मारण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

निर्णयाची वाट पाहणारी, पण हात जोडून नव्हे,

सौ. तुंगाबाई नरसिंगराव मोहिते
सभासद